आधी चारा, मग सुई



अकोले तालुक्यातील डोंगरपाड्यांवर डांगी गाय मुसळधार पावसातही तग धरते. पण दोन-दोन वर्षे भाकड राहिली, तर घरात दूध नाही, नांगराला गोऱ्हा नाही. शेवटी ती बाजारात जाते. एका विधवा बहिणीची एकुलती एक गाय अशीच विकायला निघाली होती.

मागच्या उन्हाळ्यात तिला माजावर आणण्यासाठी मी इंजेक्शन दिले. काही उपयोग झाला नाही. चूक माझीच होती. बरगड्या दिसणाऱ्या गाईचे शरीर आधी स्वतःचा जीव राखते. तिचे बीजांडकोश थंडच पडलेले असतात. प्रोस्टाग्लँडिन हे औषध बीजांडकोशावर पीतपिंड असेल तरच काम करते. ती बहीण म्हणाली, "दादा, सुई दिलीत, पण तिच्या पोटात काय आहे?"

म्हणून पावसाळ्याआधी पाड्याने मिळून चराईचा नियम केला:

1. डोंगराचे तीन भाग करून आळीपाळीने चराई. एक भाग चारायचा, बाकीचे राखायचे.

2. राखलेले गवत फुलोऱ्यातच कापून वाळवायचे. पुढे त्याची काडी होते आणि कस जातो.

3. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर गाय सावरत नाही. सोबत शेवरीचा पाला आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यायचे.

4. अशक्त गाईला चरायला लांब न्यायचे नाही.

डिसेंबरात गाय अंगाने भरली होती. तपासली, तेव्हा पीतपिंड हाताला लागला. ती गाभण नाही याचीही खात्री केली, कारण गाभण गाईला हे औषध दिल्यास गर्भ पडतो. मग इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी माजाचा सोट दिसला. संध्याकाळी डांगी वळूच्या वीर्याने कृत्रिम रेतन केले. 21 दिवसांनी ती पुन्हा माजावर आली नाही. मार्चमध्ये गाभण असल्याचे नक्की झाले. गाईचे दिवस साधारण 280, म्हणजे सप्टेंबरात ती वीईल.

आपल्या कळपाची स्थिती नीट जाणून घ्यावी, असा बोध नीतिसूत्रे 27 मध्ये आहे. मी सुई आधी उचलली, गाईकडे नंतर पाहिले. आपल्या दानातून आलेले विळे आणि खनिज मिश्रण या पाड्यावर पोहोचले, त्याबद्दल आभार. गाय सुखरूप व्यावी, म्हणून प्रार्थनेत आठवण ठेवा.