एसएसडी हळू चालतेय? आधी गणित करा!

होस्टेलवर माझ्याकडे हमखास येणारी तक्रार : "जुन्या लॅपटॉपला नवी साटा एसएसडी टाकली. खोक्यावर ५५० लिहिलंय, टेस्टमध्ये जेमतेम २७० एमबी येतात. बदलून आणू का?" थांबा! मी आधी या तीन गोष्टी बघतो.

१) पोर्ट : साटा-२ पोर्टचा वेग सेकंदाला ३ गिगाबिट. त्यात एका बाइटमागे १० बिट जातात, म्हणजे कमाल ३०० एमबी. २७० आले तर डिस्क ठणठणीत आहे!

२) कॅशे : मोठी फाइल कॉपी करताना वेग मध्येच घसरतो? बऱ्याच एसएसडींत थोडा भाग जलद कॅशे म्हणून वापरतात. तो भरला की डिस्कचा खरा वेग दिसतो.

३) जागा : जुना ब्लॉक पुसल्याशिवाय त्यावर नवं लिहिता येत नाही. डिस्क गच्च भरली की ही पुसापुशी वाढते. थोडी जागा मोकळी ठेवा, ट्रिम चालू आहे ना तेही बघा.

आणि २७० ला नाक मुरडू नका. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका फेरीलाच ८.३ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. म्हणून विंडोज झटकन उघडतं.

मात्र फाइल वाचताना एरर येत असतील, तर टेस्ट राहू द्या. आधी प्रोजेक्टचा बॅकअप घ्या!