खापरावरील खूण आणि तिची पारख

तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावाचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरीचा उल्लेख असून, तेथील कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. त्या नगरीचे अवशेष गावच्या पांढरीत दडलेले आहेत. नांगरताना, पाया खणताना खापरे वर येतात. त्यांपैकी एखाद्यावर फुली वा रेघ दिसली की पाहणारा प्रथम तिची किंमत विचारतो. वस्तुतः विचारावयास हवे ते हे, की ही खूण केली कोणी आणि केव्हा?

भांडे ओले असताना काढलेली रेघ गुळगुळीत असते व तिच्या कडेला सरकलेल्या मातीचा बारीकसा वरंबा दिसतो. ही खूण कुंभाराच्या घरची होय. भाजल्यानंतर कोरलेली रेघ मात्र खरबरीत असते. तिच्या कडांचे कपचे उडालेले असतात आणि वरच्या रंगाखालची माती उघडी पडते. अशी खूण बहुधा भांडे वापरणाऱ्याची असते. दोहोंची गल्लत झाली, तर मालकालाच कर्ता मानण्याचा प्रमाद घडतो.

कर्त्याच्या खुणेने केवढे काम होते, हे पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे दिसून आले. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांना तेथे इटलीत घडविलेल्या तांबड्या, तुकतुकीत भांड्यांचे तुकडे मिळाले. काहींवर कारखानदारांचे शिक्के होते. अशा भांड्यांचा काळ युरोपात आधीच निश्चित झालेला असल्याने सोबतच्या भारतीय खापरांचाही काळ ठरविता आला.

आपल्याकडील कुंभाराने सहसा नाव उमटविले नाही. त्याची ओळख माती व भाजणी यांवरून करून घ्यावी लागते. सातवाहनकालीन काळे-तांबडे भांडे आतून व काठाशी काळे, तर बाहेरून खाली तांबडे असते. ते भट्टीत पालथे घालून भाजल्याने आत हवा पोहोचत नसे, असा याचा सर्वसाधारण उलगडा केला जातो. खापराची मोड पाहावी. मध्ये काळा पट्टा असल्यास आच किंवा हवा अपुरी पडली, असे बहुधा समजावे. भाजणीची पारख तेरला काही नवी नाही. संत गोरोबाकाका याच गावचे. थापटण्याने संतांची डोकी ठोकून त्यांनी कच्चे मडके कोणते ते सांगितल्याची कथा सर्वश्रुत आहे. (नामदेवांना तो निर्णय रुचला नव्हता, हेही तितकेच सर्वश्रुत!)

तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाचा पाया रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने जमविलेल्या वस्तूंनी घातला. तथापि खापर नुसते उचलून आणल्यास त्याची निम्मी माहिती जागेवरच नष्ट होते. कोणत्या थरात, कशाशेजारी ते पडले होते, हे पुन्हा कळण्याचा मार्ग राहत नाही. म्हणून पांढरीची माती नेण्यास ग्रामपंचायतीने मुभा देण्यापूर्वी पुरातत्त्व विभागास कळवावे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहेच. विद्यार्थ्यांनी शाळेत खापर आणल्यास शिक्षकांनी ते घासून धुऊ नये. आतील काजळी व खरकटे हाही पुरावाच असतो. गट क्रमांक, खोली व दिनांक शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी त्याच्यासोबत पिशवीत ठेवावी.