जुनी मोटार घेताना

दुसऱ्याने वापरलेली मोटार कुटुंबासाठी विकत घेणे यात कमीपणा मुळीच नाही; उलट विचारपूर्वक केला तर तो व्यवहार मोठ्या शहाणपणाचा ठरतो, कारण नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत जितक्या वेगाने उतरते तितक्या वेगाने पुढे कधीच उतरत नाही, आणि तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. मात्र शेतजमीन घेणारा मनुष्य पिकाच्या हिरवेपणावर भाळून विसार देत नाही, आधी सातबारा काढतो, इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे काय ते पाहतो, आणि मगच बांधावर पाऊल ठेवतो, हीच चिकित्सक वृत्ती मोटारीच्या बाबतीतही बाळगणे अगत्याचे आहे. गाडीचा रंग महिन्याभरात नवा करता येतो. तिचा पूर्वेतिहास बदलता येत नाही, आणि आपण पैसे मोजतो ते वस्तुतः त्या पूर्वेतिहासाचे.

आम्ही कऱ्हाडचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले, आणि सांगली-कोल्हापूरच्या कित्येक वसाहतींतील मोटारी दिवसचे दिवस पाण्याखाली राहिल्या. पुढच्या वर्षी आई-वडिलांना दवाखान्यात नेण्या-आणण्याच्या सोयीसाठी मी जुन्या गाडीच्या शोधात असताना एका दलालाने दाखविलेली पांढरी हॅचबॅक अशी होती, की तिच्यात नाव ठेवण्यासारखे काही दिसेना: किलोमीटर माफक, आसनांची कव्हरे नवी, इंजिन एका आवाजात सुरू होणारे, आणि आत अत्तराचा मंद दरवळ. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना मी मुद्दाम बरोबर नेले होते. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी चालकाचा सीटबेल्ट धरला आणि तो सावकाश, शेवटपर्यंत, आणखी ओढताच येईना इतका बाहेर काढला. रोजच्या वापरात बाहेर येणारा पट्टा धुऊन स्वच्छ केलेला होता; परंतु जो भाग एरवी गुंडाळीतच राहतो, त्यावर आडवी तांबूस रेघ उमटली होती आणि तिच्याखाली विणीत गाळ सुकून बसला होता. "साहेब, ही गाडी पाण्यात होती," एवढेच ते म्हणाले. मग आसनाखालचे रूळ पाहिले, तर गंज; डिकीतील स्टेपनी उचलली, तर खोबणीत वाळलेल्या मातीचा थर. आम्ही विसार न देता परतलो.

बुडालेल्या गाडीची धास्ती एवढी का बाळगावी, हे नीट समजून घ्यावे. इंजिन खोलून धुता येते, तेल बदलता येते. परंतु गालिच्याखालून जाणाऱ्या तारांच्या जोडण्यांत आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या पिनांत शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने आपले काम करीत राहतो, आणि आज दिवा, उद्या काच, परवा भर रस्त्यात इंजिन, असे दोष एकामागून एक उद्भवू लागतात. एअरबॅगची यंत्रणाही याच तारांवर विसंबून असते, म्हणजे प्रश्न केवळ खर्चाचा उरत नाही. चिपळूण 2021 च्या जुलैत बुडाले, मुंबई 2005 च्या जुलैत बुडाली. आणि पुरातून निघालेली गाडी बुडाल्या गावातच विकली जाते असे नाही, ती चार जिल्हे ओलांडून अनोळखी गिऱ्हाइकासमोर उभी राहते. म्हणून अत्तराच्या वासाने प्रसन्न होऊ नये. खाली वाकून गालिचा उचलावा आणि नाकाने खात्री करून घ्यावी.

इतर तपासणीबद्दल थोडक्यात सांगतो. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहावे आणि निळसर धूर दिसल्यास तेल जळते आहे असे समजावे. दरवाजाचे रबरी बीडिंग हाताने सोडवून आतले मूळ वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, हे पाहिले म्हणजे मोठ्या अपघाताची कथा झाकून राहत नाही. मीटरवरील आकडा मागे फिरविता येतो, म्हणून त्याची पडताळणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींशी करावी, आणि क्लच-ब्रेकच्या पॅडलांची रबरे किती झिजली आहेत तेही पाहावे. टायरच्या कडेला छापलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलावे लागणार, हे किमतीतच धरावे.

जी गाडी आम्ही अखेर घेतली ती एका निवृत्त शिक्षकांची, सचोटीने राखलेली होती, आणि यंत्र म्हणून तिने आम्हांस आजतागायत दगा दिलेला नाही. अडचण निघाली ती कागदांत. गुरुजींनी कर्ज केव्हाच फेडले होते. परंतु आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच राहिला होता, आणि दरम्यान ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन होऊन जुने दप्तर कोठे गेले हे कोणास सांगता येईना. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना 35 हाती येईपर्यंत गाडी नावावर होईना. अशा स्थितीत ऐन पावसाळ्यात आंब्याची फांदी कोसळून टप आणि पुढची काच फुटली, आणि विमा अद्याप पूर्वीच्या मालकाच्या नावावर असल्याचे कारण देऊन कंपनीने भरपाई नाकारली; दुरुस्तीचा सारा खर्च आमच्या अंगावर पडला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 अन्वये गाडी हस्तांतरित होताच विमाही आपोआप हस्तांतरित झाल्याचे मानले जाते खरे, पण ते संरक्षण तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज 14 दिवसांच्या आत द्यावा लागतो. आरसीवर नाव चढण्यास विलंब होणार असला तरी सह्या झालेले नमुने 29 व 30 जोडून विमा कंपनीकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तेव्हा हप्त्यातील तो फरक नव्या मालकास भरावा लागतो. थकलेली ई-चलाने, पीयूसी आणि आरसीची मुदत हीही व्यवहारापूर्वीच पाहावीत, कारण खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांपुरती असते, आणि त्यापुढे योग्यता तपासणी, फेरनोंदणी व पर्यावरण कर यांचा खर्च घेणाऱ्याच्याच वाट्यास येतो.

गाडी घेतल्यानंतर पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल, कूलंट व ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, म्हणजे पुढचा हिशेब आपल्या माहितीतला राहतो. आणि खरेदीच्या रकमेचा दहावा हिस्सा तरी किरकोळ-मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळा राखून ठेवावा, असे माझे स्वानुभवाचे मत आहे.

विकणाऱ्या मंडळींनाही मला कळकळीने काही सांगावयाचे आहे. 2018 साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात, गाडी एकापाठोपाठ अनेक हातांत गेलेली असूनही, अपघाताची भरपाई देण्याचे दायित्व नोंदणीपुस्तकात नाव असलेल्या मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हा किल्ली देऊन आणि रोकड मोजून घेऊन आपण मोकळे झालो असे कोणी मानू नये. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते दलालाच्या स्वाधीन करू नयेत. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख व गाडी सुपूर्द केल्याची वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात, विक्रीची सूचना 14 दिवसांच्या आत आरटीओ कार्यालयात रुजू करावी, आणि किमतीची शेवटची रक्कम आरसीवर नाव बदलल्याचे दोघांनी पाहिल्यावरच द्यावी-घ्यावी.