शिंजीर अजून मळकटच आहे

शिर्डी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला. निकाल लागल्यापासून तू खोलीबाहेर पडला नाहीस, मेसचा डबा तसाच परत जातो, रात्रभर मोबाइल चालू असतो म्हणे. खरं आहे का हे? परीक्षेचा राग अन्नावर काढायची रीत आपल्या घरात नाही. उसाचं बिल थकलेल्या वर्षीही तुझे आजोबा ताटावरून उपाशी उठले नव्हते.

तू इकडे ये. चहूबाजूंनी लॉज उठले, तरी परसातली जास्वंद मी हलवू दिलेली नाही. रोज सकाळी तिच्यावर शिंजीर येतो. उन्हाळ्यात जांभळा झळकायचा तोच, पण आता ओळखणार नाहीस. विणीचा हंगाम सरला की नराची ती पिसं गळतात, मादीसारखा मळकट पिवळा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ तेवढी उरते. मध प्यायला मात्र चुकत नाही. आणि तू दोन घास खात नाहीस!

कढीलिंबावर फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहान असताना पाखराच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढतात. आजोबा हे बघत तासन् तास बसायचे. "बस जरा," म्हणायचे. मी बी.एड.च्या वह्या घेऊन "आले हं" म्हणायची आणि जायचीच नाही. त्या वह्यांतलं आज काही आठवत नाही रे. त्यांची हाक आठवते.

दाभोलकरांच्या साईचरित्रातला वामन तात्या कुंभार तुला ठाऊक आहे. बाबांनी राहात्याहून झाडं आणून बाग लावली, तिला पाणी घालायला तो रोज दोन कच्चे घडे द्यायचा. संध्याकाळी निंबाखाली ठेवले की ते फुटायचे, दुसऱ्या दिवशी नवे दोन. तीन वर्षं हेच चाललं. आज तिथं समाधी मंदिर आहे. त्या गोष्टीत माझं मन कुंभारापाशी अडतं. कालचे फुटले हे माहीत असून तो पुन्हा चाकावर बसायचा. आम्ही घरची माणसं तुझ्यासाठी तशीच आहोत.

रागावून लिहिलं खरं, पण काल माझ्याच्यानंही जेववलं नाही.

वाकडेवाडीहून सकाळची एसटी धर. पुस्तकं आणू नकोस. निकालाचं कुणी विचारणार नाही, मी सगळ्यांना बजावलंय. पिठलं-भाकरी करते. सकाळी उठवणार नाही. हवं तेवढं झोप.

तुझी,
आत्या