बिलावरचं नाव आधी पाहा

जबलपूरच्या सिविल लाइंसमधलं आमचं घर वडिलांनी बांधलं. 2011 साली ते गेले, पण विजेचं बिल पुढची तेरा वर्षं त्यांच्याच नावानं येत राहिलं. दर महिन्याला ते नाव डोळ्यांखालून जायचं आणि बरं वाटायचं. बदलावं असं कधी मनात आलं नाही. छतावर सौर पॅनल बसवायला निघालो, तेव्हा ही दिरंगाई महागात पडली.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, असं घरामागे जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान. त्याच महिन्यात वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियमही सुधारले. छतावरच्या 10 किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी नको, अर्ज मंजूरच समजायचा. मंजूर भार वाढवावा लागला तर ते काम वीज कंपनीनं करायचं. 5 किलोवॅटपर्यंत वितरण यंत्रणा बळकट करण्याचा खर्चही तिचाच. हे वाचून मला वाटलं, परवानगीचा प्रश्न संपला. ठेकेदाराला आगाऊ पैसे दिले आणि मे महिन्यात तीन किलोवॅटची पॅनल छतावर चढली.

एक अट मात्र माझ्या नजरेतून सुटली होती. मंजूर समजला जातो तो सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज. माझा तसा नव्हता. वीज कंपनीच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न आला, "बिल किसके नाम पर है?" बिल वडिलांचं; आधार आणि बँक खातं माझं. "पहले नामांतरण करवाइए."

मग मृत्यूचा दाखला, घराचे कागद, भावंडांची लेखी संमती. ताई नागपूरला, धाकटा पुण्याला. त्यात आमचं मराठी आडनाव इथल्या हिंदी कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं; त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. हे सगळं होईपर्यंत नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा मीटर, मिळेना; आणि तो बसल्याशिवाय संच सुरू करता येत नाही. तीन किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 12 युनिट वीज देतो. माझी पॅनल मात्र डिसेंबरपर्यंत नुसतीच तापली, भिजली, आणि मी पूर्ण बिल भरत राहिलो.

दुसरी चूक सावलीची. आमच्या भागात जुनी, मोठी झाडं आहेत. दुपारी तीननंतर शेजारच्या चिंचेची सावली पॅनलवर यायची. ठेकेदारानं जागा सकाळी पाहिली होती, मीही दुपारी कधी वर गेलो नव्हतो. झाड तोडायचं नव्हतंच. शिवाय मध्य प्रदेशात शहरातलं झाड तोडायला कायद्यानं परवानगी लागते. शेवटी पॅनल हलवली आणि खर्च पुन्हा झाला.

म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी चार गोष्टी करा.

बिल, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर आधी नामांतरण, मग अर्ज.

छतावर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी स्वतः जा. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावलीविना जागा हवी.

ठेकेदार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला आहे ना, ते तपासा. अनुदानासाठी पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात; करारात तसं लिहून घ्या. पाच वर्षांच्या देखभालीचं कलमही वाचा.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा.

सरकारनं मंजुरीची वाट बरीच मोकळी केली आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण जुन्या वस्त्यांतली कितीतरी घरं अजून आजोबा-वडिलांच्या नावावर आहेत. वीज कंपनी आणि महापालिका यांनी वॉर्डावॉर्डांत एकत्र बसून नामांतरणाची शिबिरं भरवली, तर अनुदानाइतकाच त्यांचाही उपयोग होईल. तोवर हे काम आपलंच आहे. आज घरी गेल्यावर विजेचं बिल काढा आणि वरचं नाव वाचा. ते गेलेल्या माणसाचं असेल, तर उद्याच नामांतरणाचा अर्ज द्या.