घोड्याची चंदी दुसऱ्याच्या हाती देताना



शेळी, कोंबडी, गाय-म्हैस यांच्याबद्दल आपण नेहमीच बोलतो. या वेळचा पाठ घोड्याचा आहे. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्या जात नाहीत, त्यामुळे तिथे माणसं आणि सामान नेण्यासाठी घोडा लागतो. पायथ्याच्या वाड्यांमधल्या आपल्या काही ताईंचं घर घोड्यावरच चालतं. तुमच्याकडे घोडा नसेल तरी पाठ वाचा. घोड्याच्या जागी म्हैस धरली तरी बरंचसं लागू पडेल.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. ताईंना विचारूनच, नाव न लिहिता सांगते आहे.

एका ताईंच्या लेकीचं बाळंतपण आलं. आठ दिवस तालुक्याला राहायचं होतं. घोडा सकाळी घरधनी घेऊन जात आणि संध्याकाळी आणून ठाणावर बांधत. चंदी, वैरण, पाणी, लीद काढणं हे सगळं ताईंचं काम. जाताना त्यांनी जाऊबाईंना सांगितलं, "जरा घोड्याकडे बघा." शेजारच्या मुलालाही तेच सांगितलं. मीही म्हणाले, "जा ताई, निर्धास्त जा, कुणीतरी बघेलच." हे 'कुणीतरी' पुढे महागात पडलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाने चंदी घातली, तोबरा धुऊन खुंटीला टांगला आणि तो गेला. जाऊबाईंनी तोबरा जागेवर पाहिला. त्यांना वाटलं, पोरगा आज आलाच नाही. त्यांनी पुन्हा चंदी घातली, आणि घोडा दमून आलाय म्हणून प्रेमाने थोडी जास्तच घातली. रात्री घोडा पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला, मान वळवून पोटाकडे बघायला लागला, सारखा बसून उठायला लागला. घरात कुणाकडे डॉक्टरांचा नंबर नव्हता. ताईंना रात्री फोन करायचा तर लेक दवाखान्यात, म्हणून कुणी केला नाही. डॉक्टर आले ते सकाळी.

घोडा वाचला. पण दहा दिवस काम बंद राहिलं, औषधाचा खर्च झाला आणि गटाच्या कर्जाचा हप्ता थकला. बैठकीत सगळ्यांनी मुलाला बोल लावला. मी विचारलं, "त्याला किती चंदी घालायची ते कुणी सांगितलं होतं?" कुणीच नाही. घरधन्यांना विचारलं, तर त्यांनाही नेमकं माप माहीत नव्हतं. घोडा त्यांच्या नावावर, पण माप फक्त ताईंच्या हाताला ठाऊक.

घोडा गाईसारखा नाही

घोडा रवंथ करत नाही. त्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्याला उलटी होत नाही. एकदम जास्त दाणा पोटात गेला तर तो बाहेर टाकायला वाट नाही. त्यातून पोटशूळ उठतो आणि पोटशुळाने घोडा दगावतोसुद्धा. म्हणून चंदी थोडी थोडी, दोन-तीन वेळा विभागून द्यायची आणि मुख्य भर चाऱ्यावर ठेवायचा. घोड्याच्या वजनाच्या शंभर किलोमागे रोज साधारण दीड ते दोन किलो कोरडा चारा धरा. पाणी रोज २५ ते ४५ लिटर, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त.

खाणं अचानक बदलायचं नाही. हरभरा संपला म्हणून दुसराच दाणा, किंवा उरलेला भात आणि शिळ्या पोळ्या, असं चालत नाही. बदल करायचाच असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा. म्हणजे आपण बाहेर जाणार असू तर तेवढे दिवस पुरेल इतका दाणा आधीच भरून ठेवायचा.

काम सोपवताना पाच गोष्टी

१. एका कामाला एकच माणूस. संध्याकाळची चंदी मुलाची असेल तर ती मुलाचीच. तो येणार नसेल तर त्याने फोन करायचा, मगच दुसऱ्याने हात लावायचा. 'दोघांनाही सांगून ठेवलंय' यात जास्त सुरक्षितता वाटते, पण एक तर दोघंही घालतात, नाही तर दोघंही घालत नाहीत.

२. माप ठरवा. 'दोन मुठी' सांगू नका, प्रत्येकीची मूठ वेगळी. एक डबा घ्या, वाण्याकडे वजन करा आणि डब्यावर रंगाने रेघ मारा. हरभऱ्याची रेघ वेगळी, कोंड्याची वेगळी, कारण तेवढ्याच डब्यात कोंडा वजनाला खूप कमी भरतो.

३. खूण करा. ठाणाजवळ कॅलेंडर लावा. चंदी घातली की टिकली, पाणी पाजलं की रेघ. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही हे जमतं.

४. काय बघायचं ते दाखवा. जाण्याआधी एक दिवस सोबत काम करा. खूर उचलून आतली माती आणि खडे कसे काढायचे, नाल ढिली आहे का, पाठीवर खोगिराखाली सूज किंवा जखम आहे का, हे हाताने दाखवा. निरोगी घोडा दिवसात आठ-दहा वेळा लीद टाकतो. ती कमी झाली, घट्ट झाली किंवा बंद झाली तर लगेच सांगायचं. खिळा-पत्रा लागून जखम झाली तर लहान म्हणून सोडायची नाही. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार असतो.

५. फोन करायची मोकळीक द्या. डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे, तोही लिहा. थोडे पैसे बाजूला काढून ठेवा. आणि स्पष्ट सांगा, "शंका आली तर मला विचारायला थांबू नका, आधी डॉक्टरांना बोलवा. घोडा बरा दिसत नसेल तर कामावर जाऊ देऊ नका." हे घरधन्यांसमोर सांगा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

पोटशूळ वाटला तर

पुढ्यातला दाणा-चारा काढून घ्या आणि ताबडतोब डॉक्टरांना फोन करा. घोडा लोळत असेल तर हळूहळू चालवा, पण दमवू नका. नळीने किंवा बाटलीने तेल पाजू नका. ते फुप्फुसात गेलं तर नवीनच संकट. घरातलं दुखण्याचं औषधही मनाने देऊ नका.

एकच माणूस दोन-तीन घरचे घोडे बघत असेल तर बादली आणि तोबरा ज्याचा त्याचा वेगळा ठेवा. घोड्यांचे काही आजार सामाईक पाण्यातून पसरतात. ग्लँडर्ससारखा आजार तर माणसालाही होतो.

आणि मोबदल्याचं

'आपलंच पोर आहे' म्हणून फुकट काम घेऊ नका. रोजचे किती ते आधी ठरवा. पैसे नसतील तर कामाची फेड ठरवा: आज तू माझा घोडा बघ, तुझ्या लावणीला मी येते. ठरलेलं काम माणूस जबाबदारीने करतो आणि आपल्यालाही विचारायचा हक्क राहतो.

आता शेवटचं. आपण म्हणतो की ताईंनी घोडा दुसऱ्यावर सोपवला. पण रोज उलटंच चालू असतं. घरधनी घोडा घेऊन जातात ते ताईंच्या भरवशावर. पहाटेचं पाणी, वैरण, चंदी, लीद, खरारा धरला तर रोजचे दोन-तीन तास सहज होतात. त्याची नोंद कुठेच नाही. ताई आठ दिवस नव्हत्या तेव्हा ते काम सगळ्यांना दिसलं. आज त्या घरी भिंतीवर कागद आहे, डब्यावर रेघ आहे, आणि रविवारची चंदी घरधनी घालतात. तो शेजारचा मुलगाही येतो, आता ठरलेल्या पैशांवर.

आपण गटाचा हिशोब तोंडी ठेवत नाही. पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेत त्या यासाठीच. मग जनावराचा हिशोब फक्त एकीच्या डोक्यात का?

या महिन्याच्या बैठकीसाठी काम

- आपल्या घरी जनावराचं कोणतं काम फक्त मलाच येतं? प्रत्येकीने दोन कामं सांगायची.
- मी उद्या आजारी पडले तर ते कोण करेल? नाव घ्यायचं, 'कुणीतरी' चालणार नाही.
- त्या माणसासाठी एक कागद तयार करा: काय, किती, कधी, आणि काही झालं तर कुणाला फोन. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवांकडून लिहून घ्या.

पुढच्या भेटीत मी कागद बघायला येणार आहे. आणि हो, 'निर्धास्त जा, कुणीतरी बघेल' असं मी आता कुणालाच म्हणत नाही. म्हणाले तर मला तिथेच थांबवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक