धबधब्याकडे जाणारी वाट

आमच्या विद्यालयाच्या अभ्याससहलींपैकी मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची सहल अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. बहुतेकांना आठवतात ती कान्हेरीची लेणी. त्याच उद्यानाच्या एका शांत भागात शिलोंड्याच्या ओढ्याकाठाने धबधब्याकडे जाणारी एक वाट आहे. त्या वाटेवर आम्ही शिक्षक व विद्यार्थी मिळून जो पाठ शिकलो, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांसमोर ठेवीत आहोत.

हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. महानगराला लागून असलेल्या या अरण्यात आजही बिबट्याचा वावर आहे, आदिवासी पाडे आहेत आणि मुंबईला पाणी पुरविणारे तुळशी व विहार हे तलाव आहेत. कान्हेरी, म्हणजे प्राचीन कण्हगिरी, याच अरण्यात वसली आहे. सुमारे एक सहस्र वर्षे भिक्खुसंघाने येथे वास्तव्य केले. येथील शंभराहून अधिक लेण्यांतून फिरताना विद्यार्थ्यांचे लक्ष प्रथम स्तूप व मूर्तींकडे जाते. आम्ही मात्र त्यांना आधी पाण्याच्या पोढी पाहावयास सांगतो. विहारांच्या दाराशी कातळात खोदलेली टाकी आणि उतारावरचे पाणी त्यांत आणणारे बारीक पाट अजूनही स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात डोंगरावरून धो धो वाहून जाणारे पाणी पुढील कोरड्या महिन्यांसाठी धरून ठेवण्याची ही व्यवस्था होती.

येथील ब्राह्मी शिलालेखही या पाण्याविषयी बोलतात. कल्याणच्या एका सुवर्णकाराने पोढी दान दिली, तर कल्याणच्याच एका लोहाराने वाट दान दिली. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचा उल्लेख असलेला कान्हेरीचा प्रसिद्ध लेखही कोणा विजयाचा नसून पाण्याच्या टाक्याच्या दानाचा आहे. राजघराणे आणि कारागीर एकाच डोंगरावर पाणी व वाट यांचे दान करतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार भावते.

शिलोंड्याची वाट वनखात्याच्या परवानगीने व माहीतगार वाटाड्यासह चालावी लागते. ओढ्याकाठाने जाताना ऐन, कळंब, जांभूळ असे वृक्ष भेटतात. उतारावर कारवीची दाटी असते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच सामुदायिक फुलते आणि बी धरून मरते. तिच्या काठ्यांनी वारली बांधव झोपडीच्या भिंती उभारतात. दगडाखाली खेकडे, पाणवठ्यावर बेडूक, ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे. पाय कोठे टाकावा, हा प्रश्न या वाटेवर खरोखरच पडतो.

हाच प्रश्न भगवान बुद्धांच्या काळी राजगृहात उपस्थित झाला होता. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची नोंद आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करतात, कोवळे गवत तुडवितात, असंख्य लहान जीवांचा नाश करतात, अशी तक्रार लोकांनी केली. ती ऐकून भगवंतांनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा, म्हणजे वर्षावासाचा, नियम घालून दिला. पाण्यात व हिरवळीवर मलमूत्र करू नये, थुंकू नये, जिवंत प्राणी असलेले पाणी जाणूनबुजून वापरू नये, हेही नियम विनयात आहेत. पाणी गाळण्याचे साधन हे तर भिक्खूच्या आठ परिष्कारांपैकी एक आहे. आपल्या वस्त्यांत वर्षावासात ग्रंथवाचन होते, ते योग्यच आहे. परंतु या प्रथेच्या मुळाशी गवताच्या पात्याविषयीची करुणा आहे, हे मुलांना ठाऊक असावे.

आणि येथेच आमची चूक आमच्या ध्यानी आली. धबधबा भरलेला दिसावा म्हणून आम्ही सहल भाद्रपदात नेली होती. सकाळी ऊन होते. धबधब्याचा आवाज ऐकू येऊ लागला आणि मुलांची पावले भराभर पडू लागली. एवढ्यात वाटाड्याने हात वर करून सर्वांना थांबविले. ओढ्याचे नितळ पाणी गढूळ झाले होते आणि त्यातून पाने व काटक्या वाहत येत होत्या. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, पण वर डोंगरात कोसळत होता. अशा खडकाळ, उताराच्या भूमीत मातीचा थर पातळ असतो. पाणी मुरण्यापूर्वीच धावत खाली येते आणि पाहता पाहता ओढा फुगतो. “इथूनच परत फिरायचं,” एवढेच वाटाड्या म्हणाला.

मुले हिरमुसली. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एवढं जवळ येऊन परत जायचं?” खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तोच प्रश्न होता. दुसऱ्यांची मुले विश्वासाने आमच्या हाती सोपविलेली होती. तरीही क्षणभर आम्हांस धबधब्याचा मोह आवरला नाही. तृष्णेवर अनेक तास शिकवूनही ती आपल्याच पायांत येते तेव्हा ओळखू येत नाही. आम्ही परत फिरलो. थोड्या वेळाने मागे वळून पाहिले, तेव्हा ज्या दगडांवरून आलो होतो, ते पाण्याखाली गेले होते.

त्या संध्याकाळी वसतिगृहात आम्ही मुलांसमोर आमची चूक मान्य केली आणि पुढच्या वर्षी केव्हा जावे, हे त्यांनाच ठरविण्यास सांगितले. त्यांनीच सुचविले की, वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमेनंतर जावे. तसेच आम्ही गेलो. धबधबा तेव्हा बारीक झाला होता. कातळावरून दोन-तीन धारा तेवढ्या उतरत होत्या. पण वाट घट्ट होती, पाण्याचा तळ दिसत होता. मुले दगडांवर अंतर राखून बसली आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. पाण्यात कोणी उतरले नाही. परतताना प्रत्येकाच्या पिशवीत दुसऱ्यांनी टाकलेले प्लास्टिकचे काही तुकडे होते.

माजी विद्यार्थी आता आपल्या मुलाबाळांना घेऊन धबधब्यांवर जातात. त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे : परवानगी व वाटाड्या यांवाचून अरण्यात शिरू नये. पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला, तर तत्काळ काठ सोडून उंचावर यावे. वाट सोडून हिरवळ तुडवू नये, पाण्यात साबण वा उष्टे टाकू नये. आणि ज्या दिवशी परत फिरावे लागेल, त्या दिवशी सहल फुकट गेली, असे मुलांसमोर म्हणू नये.

कल्याणच्या त्या लोहाराने दिलेल्या वाटेवरून किती जण गेले असतील, कोण जाणे. आपल्या मागून येणाऱ्यांसाठी वाट सुरक्षित व पाणी निर्मळ ठेवणे, हे दान आजही आपल्या आवाक्यातले आहे.